तुस्कानोबाईंच्या सहा बाटल्या

माफ करून मोकळी होणारी माणसं मला आवडतात, पण त्यांच्यावर चार पानं लिहावीत असं मला कधी वाटलेलं नाही. तुस्कानोबाईंवर लिहावंसं वाटतं. बाईंनी एका माणसावर सहा वर्षं डूख धरला होता, आणि तोही अशा शिस्तीने की त्याची तारीखवार नोंद वहीत होती. ती वही मी पाहिली आहे. तो माणूस माझाही साहेब होता, त्यामुळे या लिखाणात मी निःपक्षपाती असेन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

वसई पूर्वेला आमची कंपनी होती. कोळंबी सोलायची, धुवायची, गोठवायची आणि परदेशी पाठवायची. मी ऑफिसात टायपिस्ट होते, फुलपाड्याहून यायचे. बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. प्रमुख म्हणजे हाताखाली कोणीच नाही. एक खोली, एक ओटा, जंतू वाढवायची उबेची पेटी आणि कोपऱ्यात पांढरा डीप फ्रीझर, एवढं त्यांचं राज्य. बाई गासच्या. ठेंगण्या, साडीवर पांढरा डगला, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. लग्न केलं नव्हतं. भावाची केळीची वाडी होती आणि भावाशी बोलणं नव्हतं, तरी त्याच्या वाडीतली केळी डब्यासोबत रोज यायची. "बोलत नाही तो. केळी बोलतात," असं म्हणायच्या.

त्यांना कोणी हात पुढे केला तर त्या स्वतःचे हात मागे घ्यायच्या. उद्धटपणा नव्हता तो. समोरच्याचे हात कुठे कुठे जाऊन आलेत हे त्यांना त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं. कँटीनच्या चहाला त्यांनी अकरा वर्षांत एकदाही तोंड लावलं नाही. आम्ही चिडवायचो, "बाई, एवढं घाबरता तर जगता कशा?" त्यावर त्या म्हणायच्या, "घाबरत कुठे? ओळखते."

माझं आणि त्यांचं जमलं ते एका शब्दावरून. त्यांचे रिपोर्ट मी टाइप करायचे. एकदा त्यांनी लिहिलेलं 'आढळले नाहीत' मी जागा वाचवायला 'नाहीत' केलं. बाई कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "सावंत, मला दिसले नाहीत एवढंच मी सांगू शकते. नाहीत हे सांगणारी मी कोण?" मी सगळं पान परत टाइप केलं. मनातून चार शिव्याही दिल्या. पुढे कळलं, की एवढा जपून शब्द वापरणाऱ्या बाईंनी एकदाच, फक्त एकदाच, 'नाहीत' लिहून खाली सही केली होती. सगळी कथा त्या सहीची आहे.

ते नव्वदीच्या सुरुवातीचं साल. आमचा एक कंटेनर परदेशातून परत आला. कोळंबीत जंतू सापडले होते, माणसाला हगवण आणि ताप आणणारे. मुख्य कार्यालयातून फोनवर फोन. आमचे मॅनेजर नाडकर्णीसाहेब, गोरे, घारे, बोलायला गोड आणि ऐकायला बहिरे, त्यांनी फर्मान काढलं की पाणी, बर्फ, टेबलं, बायकांचे हात, सगळं तपासा. सोलायच्या शेडमध्ये पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या पन्नासेक बायका होत्या. त्यांची मुकादम काशीबाई. उंच, काळी, कडक. तिच्या हाताखाली कोळंबीचं एक साल आत राहायचं नाही.

तपासणी म्हणजे काय ते मी बाईंच्या भाषेत सांगते. काचेच्या बशीत जेलीसारखं खाद्य ओततात, त्यावर नमुना पसरतात आणि बशी उबेत ठेवतात. या जंतूसाठीच्या खाद्यात एक कडक औषध असतं. बाकीचे त्यात मरतात, हा तेवढा तग धरतो आणि काळे ठिपके उठतात. बाईंनी पहिल्या दिवशी धुण्याच्या टाकीतलं पाणी लावलं, ठिपके उठले. काशीबाईच्या हातावरून फिरवलेला कापूस लावला, तिथेही उठले. उठणारच, तिचे हात दिवसभर त्याच पाण्यात होते.

नाडकर्णींनी हाताचा रिपोर्ट ठेवून घेतला आणि पाण्याचा परत केला. "टाकीचं पुन्हा करा बाई, तुमच्या ओट्यावर काही सांडलं असेल. मी दौऱ्यावरून आलो की माझ्यासमोर. तोवर नमुना फ्रीझरमध्ये राहू दे." नियमाप्रमाणे टाकीच्या पाण्याच्या सहा राखीव बाटल्या भरल्या होत्या, प्रत्येकीवर लाखेचं सील, चिठ्ठीवर तारीख आणि नाडकर्णींची स्वतःची सही. त्यांच्यासोबत तपासणीची बाटलीही फ्रीझरमध्ये गेली. साहेब तीन आठवड्यांनी आले. बाईंनी बाटली वितळवली आणि सरळ त्या कडक खाद्यावर लावली. बशी कोरी. पुन्हा लावली, पुन्हा कोरी. साहेब शेजारी उभे होते. "मग लिहा, नाहीत." बाईंनी लिहिलं.

टाकी स्वच्छ ठरली आणि हात घाणेरडे. मी ते दोन्ही कागद टाइप केले आणि काशीबाईला काढल्याचं पत्रही. नाडकर्णींनी ते पत्र केबिनमध्ये दिलं नाही. शेडच्या मधोमध उभं राहून पन्नास बायकांसमोर मोठ्याने वाचलं. 'हिच्या हातांनी कंपनीचं नाव गेलं', हे वाक्य पत्रात नव्हतं, ते त्यांनी पदरचं घातलं. काशीबाईने कमरेचा रबरी एप्रन सोडून टेबलावर ठेवला आणि गेली. मासळीवर जगणाऱ्या बाईचे हात खराब, हे पाचूबंदरात संध्याकाळपर्यंत पसरलं. दुसऱ्या कुठल्याही कंपनीने तिला घेतलं नाही. तिने ताज्या मासळीची पाटी घेऊन बसायचं ठरवलं तर गिऱ्हाईक शेजारणीकडे वळायचं. शेवटी ती बोंबील वाळवायच्या कामाला लागली, जिथे विकायला बसणारी दुसरी असते.

आणि महिन्याभराने एका रविवारी कंपनी बंद असताना नाडकर्णींनी ती टाकी फोडून नवी बांधून घेतली. कंपनीच्या क्वार्टरच्या संडासाचा पाइप टाकीच्या भिंतीला चिकटून जात होता आणि आत झिरपत होता. गवंडी बाईंच्या गावचा निघाला, म्हणून बाईंना कळलं. म्हणजे माणसाला माहीत होतं. मला राग येतो तो इथे. चूक कोणाचीही होते. माहीत असून दुसऱ्याच्या हातावर ढकलणं, याला माझ्याकडे वेगळा शब्द आहे, पण तो छापत नाहीत.

तरीही बाईंना एक कोडं होतं. पहिल्या दिवशी उठलेले ठिपके तीन आठवड्यांनी गेले कुठे? त्याचं उत्तर पुढल्या वर्षी मिळालं. कंपनीने त्यांना आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला केरळला पाठवलं. परत आल्या त्या दिवशी घरीही न जाता, बॅग घेऊन थेट फ्रीझरपाशी गेल्या. त्या सहा बाटल्या तळाशी तशाच होत्या. सहा महिन्यांनी नष्ट करायचा नियम होता, तो बाईंनी आयुष्यात प्रथमच मोडला होता.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला समजावलं. "बर्फ धरताना जंतूच्या आतबाहेर सुया होतात. पुष्कळ मरतात. पण जे उरतात ते मेलेले नसतात गं, जखमी असतात. त्यांचं आवरण फाटलेलं असतं. अशा जखमीला मी लगेच त्या कडक औषधावर टाकलं. कसा उठेल? टायफॉइडमधून उठलेल्या माणसाच्या डोक्यावर दुसऱ्या दिवशी भाताचं पोतं देशील का? आधी पेज द्यायची. साध्या, पौष्टिक रसात दिवसभर उबेत ठेवायचं. आवरण सांधतं, अंगात ताकद येते. मग परीक्षा घ्यायची." त्यांनी पहिली बाटली तशी लावली होती. चौथ्या दिवशी बशी माझ्या टेबलावर आणून ठेवली, टाइपरायटरच्या शेजारी. काळेभोर ठिपके, मोजता येईनात इतके.

"सावंत, माझी सही खोटी निघाली," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी पुन्हा तसा कधी पाहिला नाही.

त्या नाडकर्णींकडे गेल्या. साहेबांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला, तो बाईंनी घेतला नाही. मग ते म्हणाले, "बाटली तुमच्या फ्रीझरमधली, बशी तुमच्या हातची, आणि 'नाहीत'वर सही तुमची. कोण विश्वास ठेवील बाई? फाइल बंद आहे. बाटल्या नष्ट करा." नष्ट करायचा हुकूमही लेखी दिला. बाईंनी सहा रिकाम्या बाटल्या फोडल्या, पावती करून दिली आणि उरलेल्या पाच जुन्या औषधांच्या खोक्यात घालून फ्रीझरच्या तळाशी सरकवल्या.

तिथून त्यांची सहा वर्षं सुरू झाली. साहेबाला ज्याच्यासमोर गप्प बसावं लागेल असा बाहेरचा साक्षीदार मिळेपर्यंत थांबायचं. अडचण एकच होती. साक्ष देणारे जंतू तोवर जगले पाहिजेत. बाई त्यांना 'माझे साक्षीदार' म्हणायच्या. वर्ष-दोन वर्षांनी एक बाटली उघडायच्या, पेज द्यायच्या, मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. दर वेळी आकडा खाली. "पाण्यात कोळंबीचा रस होता म्हणून टिकले एवढे. नुसतं पाणी असतं तर कधीच आटोपले असते," असं म्हणत वही मिटायच्या. जन्मभर जंतू मारायचा पगार घेतलेली बाई या काही जंतूंच्या तब्येतीची रोज चौकशी करायची. मला हसू यायचं आणि मीही विचारायचे, "कसे आहेत?"

सगळ्यात मोठं संकट विजेचं. त्या काळात वसई-विरारला वीज कधी जाईल याचा नेम नसे. गोठलेलं तसंच गोठून राहिलं तर जंतू निभावतात, पण वितळून पुन्हा बर्फ धरला की नव्या सुया, नव्या जखमा. एका मे महिन्यात ऐन दुपारी वीज गेली आणि प्रयोगशाळेचा जनरेटरही बसला. बाईंनी खोकं उचललं आणि मालाच्या मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये, कोळंबीच्या एका रिकाम्या पुठ्ठ्याच्या पेटीत घालून ठेवलं. वीज आली, बाई खोकं आणायला गेल्या, तर पेट्या कंटेनरमध्ये चढत होत्या. बाई धक्क्यावर आडव्या उभ्या राहिल्या. हमालांचा मुकादम म्हणाला, "बाय, ड्रायवर बोंबलतोय, टाइम नाय आपल्याला." बाईंनी एकशे काही पेट्या एकेक करून हातात घेऊन वजनावरून पारखल्या आणि आपली शोधून काढली. साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि मला विचारलं, "काय चाललंय?" मी म्हणाले, "गुणवत्ता तपासणी, सर." माझ्या नोकरीतलं सगळ्यात सुखाचं खोटं.

मधे एकदा मी त्यांना विचारलं होतं, चर्चमध्ये फादरना हे सांगता का म्हणून. "सांगितलं ना. फादर म्हणाले, माफ कर. मी म्हटलं, करीन फादर, पण आधी त्याला कळू दे तरी कशाबद्दल." मग केळं सोलत म्हणाल्या, "फादरनी पुढच्याला बोलावलं. मागे रांग होती."

साक्षीदार आला तो सहाव्या वर्षी. एका मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाचा तपासनीस आठवडाभरासाठी येणार होता. त्याचा शेरा चांगला पडला की नाडकर्णी मुख्य कार्यालयात बढतीवर जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तोवर बाईंकडे दोन बाटल्या उरल्या होत्या. त्यातली एक त्यांनी आदल्या महिन्यात लावून पाहिली. बशी कोरी. बाई दोन दिवस डबा न उघडता बसल्या. उरलेल्या एका बाटलीत कोणी जिवंत आहे की नाही, हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि उघडायची तर एकदाच.

तपासनीस प्रयोगशाळेत आला. लालबुंद चेहऱ्याचा, मोजकं बोलणारा. त्याने विचारलं, गोठवलेला माल तुम्ही कसा तपासता? बाई म्हणाल्या, दाखवतेच. त्यांनी फ्रीझरमधून ती बाटली काढली आणि नाडकर्णींच्या हातात दिली. "सर, सील तुम्ही फोडा. नियम आहे." मी चिठ्ठी लिहून घ्यायला तिथेच होते. साहेबांनी बाटली फिरवली. तारीख वाचली. स्वतःची सही वाचली. त्यांच्या कपाळावर त्या गार खोलीत घाम आला, आणि मी तो डोळे भरून पाहिला. समोर तपासनीस घड्याळ बघत होता. साहेबांनी सील फोडलं.

मग चार दिवस. पहिल्या दिवशी पेज, मग दोन टप्पे, मग बशी. चार दिवस नाडकर्णी दर तासाला काहीतरी निमित्त काढून प्रयोगशाळेवरून जायचे आणि उबेच्या पेटीकडे बघायचे. बाई त्यांना रोज "गुड मॉर्निंग सर" म्हणायच्या, पूर्वी कधी म्हणत नसत. दोघंही एकाच गोष्टीची वाट पाहत होते, दोघांनाही उत्तर माहीत नव्हतं. मला विचाराल तर काशीबाईच्या सहा वर्षांपुढे ते चार दिवस फारच स्वस्त होते.

चौथ्या दिवशी बशीत तीन ठिपके होते. तीनच. पण काळे, गोल, शंकेला जागा नाही असे.

तपासनीस खूश झाला. असा गोठलेला नमुना आणि त्यातूनही शोधून काढलं, म्हणजे प्रयोगशाळा चांगली, असा त्याने शेरा दिला. तो नमुना कशाचा आणि कधीचा, हे त्याने विचारलं नाही. तो जेवायला गेल्यावर बाई केबिनमध्ये गेल्या, मी दारात. "सर, तपासनीस शनिवारपर्यंत आहेत. चिठ्ठीवरच्या तारखेचा अर्थ मी त्यांना सांगू शकते. शेडमधल्या बायकांच्या नोकऱ्या जातील, म्हणून सांगायचं नाहीये मला. तुम्ही उद्या सकाळी माझ्याबरोबर पाचूबंदरला या. जे पन्नास जणींसमोर बोललात ते पन्नास जणींसमोर मागे घ्या."

"हे ब्लॅकमेल आहे बाई."

"हो," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पाचूबंदरला गेलो. बांबूंवर बोंबील टांगलेले, ऊन चढत होतं. काशीबाई पाटीतले बोंबील जोडीजोडीने अडकवत होती. केस पिकले होते. तिने आमच्याकडे पाहिलं आणि काम चालू ठेवलं. आजूबाजूच्या बायका जमल्या, त्यातल्या बऱ्याच आमच्याच शेडमधल्या. साहेब वाळूत बूट रोवून काहीतरी पुटपुटले.

"सर, त्या दिवशी शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं होतं," बाई म्हणाल्या.

नाडकर्णी पुन्हा बोलले, मोठ्याने. टाकीत दोष होता. काशीबाईचे हात स्वच्छ होते. 'मला हे माहीत होतं.' शेवटचं वाक्य बाईंनी आदल्या दिवशी कागदावर लिहून दिलं होतं, ते गाळून चालणार नव्हतं. घारे डोळे खाली, कानापर्यंत लाल. मला वाटलं होतं तेवढं गोड लागलं ते, खोटं कशाला सांगू.

काशीबाईने हातातला बोंबील अडकवला, हात लुगड्याला पुसले आणि साहेबांकडे न बघता बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"यानं सांगितलं, ठीक हाय. मना एक सांग बाय. टाकीचं पानी चांगलं हाय, असं कागदावर लिवलेलं. त्या कागदावर सई कोनाची व्हती?"

बाईंनी क्षणही दवडला नाही. "माझी."

"तुज्या हातानं?"

"माझ्या हाताने. मला तेव्हा कळलं नव्हतं. पण सही माझीच."

काशीबाईने मान हलवली आणि परत पाटीशी गेली. कागद टाइप कोणी केला, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. येताना रिक्षात साहेब पुढे बसले होते. मागे बाई मला म्हणाल्या, "बरोबर विचारलं तिने. मी वाटच बघत होते." साहेबांची बढती झाली, असं असतंच. पण आमच्या कंपनीत त्यांच्या निरोप समारंभाला शेडमधली एकही बाई आली नाही, हार मागवले होते ते तसेच पाटीत सुकले. बाईंनीही त्याच वर्षी नोकरी सोडली.

त्यानंतर सातेक वर्षांनी, एका शुक्रवारी दुपारी, वसईच्या मासळी बाजारात मी सुरमई शोधत होते. काशीबाई ताज्या मासळीची पाटी घेऊन बसली होती, आणि गर्दी तिच्याकडेच जास्त. समोर, गिऱ्हाइकांच्या थोडं बाजूला, हातात पिशवी घेऊन तुस्कानोबाई उभ्या होत्या. वाकल्या होत्या. मला पाहून हसल्या. आम्ही बोलत राहिलो. माझ्यानंतर आलेल्या चार बायका मासळी घेऊन गेल्या. मग आणखी दोघी आल्या, काशीबाईने त्यांनाही दिली. बाईंच्या बाजूला तिने एकदाही पाहिलं नाही. शेवटच्या दोन पापलेटांवर हात ठेवून तिने मला विचारलं, "तुला पायजे?" मी गोंधळून नाही म्हणाले. तिने ती शेजारणीच्या पाटीत टाकली, फळी धुतली आणि रिकामी पाटी घेऊन उठली.

"आज संपली वाटतं," मी बाईंना म्हणाले.

"दर शुक्रवारी संपते."

"किती दिवस चाललंय हे?"

"पाटी घेऊन बसायला लागली तेव्हापासून."

"अहो, मग दुसरीकडून घ्या की. पलीकडे एवढ्या जणी बसल्यात."

बाईंनी पिशवीची नीट घडी घातली. "दुसरीकडून घेतली तर तिला वाटेल, मी सुटले," त्या म्हणाल्या, आणि गासच्या बसकडे निघाल्या.